रॅम २५०० डिझेल: चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याआधी

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची कुंडली: २००१ चा डॉज रॅम २५००, ५.९ लिटरचं २४ व्हॉल्व्ह कमिन्स, बॉशचा व्हीपी४४ डिझेल पंप, ४७आरई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मुक्काम इंडियाना. इंजिन इथल्याच कोलंबस गावच्या कंपनीचं. मी कोथरूडचा, त्यामुळे १९६२ पासून पुण्यात असलेलं कमिन्स हे नाव मला शाळेच्या वयापासून पाठ. याच घराण्याची सहा सिलिंडरची इंजिनं जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्ये तयार होऊन आपल्याकडच्या ट्रकांतही बसली. असो, एवढा अभिमान पुरे, आता दुखणं.

सपाट रस्ता, पाय स्थिर, वेग ताशी ४५ ते ५० मैल, गाडी ओव्हरड्राइव्हमध्ये (सगळ्यात वरचा गिअर). अशा वेळी आरपीएमचा काटा एकदम दोन-तीनशेने वर जायचा आणि लगेच परत खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. ब्रेकच्या पेडलला कुणी पायाच्या अंगठ्याने टिचक्या मारतंय असं वाटावं. म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, लागतोय आणि सुटतोय. एका दुकानात दाखवलं. त्यांनी गाडी चालवली, मान हलवली आणि सांगितलं, कन्व्हर्टर गेला, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण रीबिल्ड करा.

मला ते पटेना. लॉकअपचा क्लच झिजला असेल तर तो लोडखाली घसरतो. चढावर, मागे ट्रेलर असताना आरपीएम हळूहळू वर सरकत जातो. माझा ट्रेलर लावून चढावर नीट धरत होता आणि रिकाम्या सपाट रस्त्यावर सोडत होता, तेही खटकन. घसरणं वेगळं आणि हुकूम मिळाल्यावर सुटणं वेगळं.

हे ताडून बघायला फार काही लागत नाही. ४७आरईमध्ये लॉकअपच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) एका बाजूने बारा व्होल्ट कायम मिळतात, दुसऱ्या बाजूची अर्थ (अर्थिंग) पीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, देतो. त्या अर्थच्या वायरवर मल्टिमीटर लावून लांब वायरी केबिनमध्ये घेतल्या. मुलगा शेजारी बसून वाचत होता: “शून्य... बारा... शून्य... बाबा, परत बारा.” काटा उडायचा नेमक्या त्याच क्षणी आकडा बदलायचा. गिअरबॉक्स बिचारा सांगितलेलं ऐकत होता. वेड्यासारखे हुकूम कॉम्प्युटर सोडत होता.

मग कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड काढले. या मॉडेलला स्कॅनर नसला तरी चालतं: इंजिन सुरू न करता चावी तीनदा ऑन-ऑफ करून ऑनवर ठेवली की ओडोमीटरच्या जागी कोड दिसतात. माझ्याकडे पी०१२१ आणि पी१६९३ आले. पी१६९३ बघून घाबरू नका. या ट्रकमध्ये दोन मेंदू आहेत, इंजिनाचा ईसीएम आणि गिअरबॉक्स व चार्जिंग सांभाळणारा पीसीएम. पी१६९३ म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवणं, “त्याच्याकडे कोड आहे, त्याला विचारा.” सरकारी कचेरीत खिडक्या फिरलेल्या माणसाला हे लगेच समजेल.

पी०१२१ मात्र कामाचा. ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर आणि त्यातला आयडल स्विच यांचं एकमेकांशी जुळत नाही, असं तो सांगतो. पेडलचा सिग्नल आधी ईसीएमला जातो, तिथून पीसीएमला कळतो, आणि लॉकअप ठेवायचा की सोडायचा हे पीसीएम बऱ्याच अंशी त्यावरून ठरवतो. सिग्नल थरथरला की त्याला वाटतं ड्रायव्हरने पाय काढला. तो लॉकअप सोडतो.

सेन्सर तपासायला मी डिजिटल मीटर बाजूला ठेवला आणि काट्याचा काढला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून घेतलेला. डिजिटल मीटर क्षणभराचा खड्डा गिळून टाकतो, काटा तो दाखवतो. आयडलला अर्ध्या व्होल्टच्या आसपास, मग पेडल सावकाश दाबत खालपर्यंत. काटा अगदी लोण्यासारखा चढला, कुठे अडखळला नाही. इंजिन बंद असताना सेन्सर निर्दोष. इंजिन चालू केलं की मात्र काटा बारीक थरथरायचा.

म्हणजे मळ विजेत होता. ऑल्टरनेटर आतून एसी बनवतो आणि डायोड त्याचं डीसी करतात. एखादा डायोड गेला तरी बॅटरी चार्ज होत राहते, डॅशबोर्डवरचा व्होल्टमीटर छान दिसतो, पण उरलेला एसी सगळ्या वायरिंगमध्ये फिरतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. ०.१ व्होल्टच्या आत असायला हवं. माझं ०.४ च्या वर. दोन सूचना: थंडीत ग्रिड हीटर (इंजिनात जाणारी हवा तापवणारा) चालू-बंद होत असतो, तो थांबेपर्यंत वाचन घेऊ नका. आणि स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही भुलतात. वायरी उलट करून बघा. आकडा एकदम वेगळा आला तर मीटर खोटं बोलतोय.

शेवटचा पुरावा रस्त्यावर. ऑल्टरनेटरचा मागचा फील्ड कनेक्टर काढला आणि दिवसाउजेडी, ब्लोअर बंद ठेवून, निव्वळ दोन बॅटऱ्यांवर एक फेरी मारली. चार्जिंगचा दिवा लागला, पी०६२२ हा ऑल्टरनेटरचा कोड आला, तो येणारच. पण ४५ मैलांवर काटा खिळा ठोकल्यासारखा. दुकानवाल्याचा रीबिल्ड तिथेच रद्द.

ऑल्टरनेटर एका ऑटो-इलेक्ट्रिकवाल्याकडून डायोडचा अख्खा ब्रिज बदलून आणला. इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने बॅटरीच्या अर्थ केबल आतून हिरव्या पडल्या होत्या, त्याही नव्या टाकल्या, टर्मिनलं घासून पांढरी केली. आता वाचन ०.०३. मग पेडलचं कॅलिब्रेशन: चावी ऑन, इंजिन बंद, पेडल सावकाश तळापर्यंत दाबून सावकाश सोडायचं, चावी ऑफ. लॉकअप तेव्हापासून शहाण्यासारखा वागतोय. बरेच जण वायरिंगला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळतात. त्याने लक्षण कमी होतं हे खरं, पण गेलेला डायोड तसाच राहतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

आता दुसरं दुखणं, अर्धवट आहे. तेल गरम झालं की सिग्नलला थांबल्यावर गाडी पहिल्यात उतरत नाही, दुसऱ्यातच उठते. तेलाची पातळी बरोबर आहे (ही गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये तपासायची, पार्कमध्ये नाही, तिथे पंप कन्व्हर्टर भरत नाही). गिअरबॉक्सची टीव्ही केबलही (थ्रॉटल व्हॉल्व्हची) जागेवर आहे. संशय गव्हर्नर प्रेशर सेन्सरवर (गाडीच्या वेगानुसार वाढणारं, गिअर बदलायला लावणारं तेलाचं प्रेशर मोजणारा). गाडी उभी असताना हे प्रेशर दीड पीएसआयच्या खाली यायला हवं, आणि चालताना ढोबळमानाने वेगाच्या ताशी एका मैलाला एक पीएसआय. उधारीच्या स्कॅनरवर उभ्या गाडीत साडेतीन दिसलं. तेलाच्या तापमानाचा सेन्सरही त्याच भागात असतो, आणि तोही कधीकधी अशक्य आकडे दाखवतो, त्यामुळे संशय बळावलाय.

गव्हर्नरचा सेन्सर आणि सोलेनॉइड दोन्ही मागवलेत. गिअरबॉक्सच्या तेलाच्या पॅनला ड्रेन प्लग नाही, म्हणजे पुढचा शनिवार एटीएफ+४ या गिअरबॉक्सच्या तेलाच्या अंघोळीत जाणार. पॅन उतरलाच आहे तर फिल्टर बदलून बँडही (आतले ड्रम धरणारे पट्टे) ॲडजस्ट करीन, आणि पॅनमधल्या चुंबकावर काय जमलंय त्याचा फोटो टाकीन. राखाडी चिखल असेल तर निश्चिंत. चकाकणारे कण निघाले तर त्या दुकानवाल्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे.