माझ्या अक्षरांवर ब्लॉकचेनचा शिक्का : माझा अनुभव

मी लग्नपत्रिकांसाठी देवनागरी लेटरिंग करते, बोरू आणि शाई, मग स्कॅन करून साफसफाई. मागच्या वर्षी मामेबहिणीच्या सासरकडची एक पत्रिका हातात आली आणि वरचं 'शुभविवाह' बघून मी थबकलेच, 'ह'ची शेपटी माझीच, शाई जिथे जरा फुटली होती तो डागसुद्धा तसाच. पत्रिकेवरच्या नंबरवर प्रिंटरला फोन केला तर म्हणे नेटवर सापडलं ताई, तुमचंच आहे कशावरून?

आता यावर काय बोलणार. बहिणीच्या मुलाने मला ओपनटाइमस्टॅम्प्स दाखवलं, ही फाइल अमुक तारखेला होती असा शिक्का मारून देणारी साइट. फुकट आहे, बिटकॉइन या डिजिटल चलनाचं वॉलेट नको, ते विकत घ्यायलाही नको. साइटवर फाइल ओढून टाकायची, फाइल कुठे जात नाही, ब्राउझरमध्येच तिचा हॅश निघतो (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीने काढलेली ६४ आकडे-अक्षरांची माळ) आणि तेवढाच पुढे जातो, मग बऱ्याच जणांचे हॅश गुंफून शेवटी एकच हॅश बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवरच्या (मागाहून बदलता न येणारी सार्वजनिक नोंदवही) एका व्यवहारात टाकतात, म्हणून फुकटात परवडतं. आपल्याला एक छोटीशी डॉट ओटीएस फाइल मिळते, हीच शिक्क्याची पावती, मूळ फाइलशी ती जुळते का ते नंतर तपासता येतं. मी लगेच तपासलं तर 'पेंडिंग', वाटलं गंडलं, पण ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या नोंदवहीच्या पानात, जायला काही तास लागतातच.

एक गोष्ट मात्र उशिरा डोक्यात शिरली. आज मारलेला शिक्का एवढंच सांगतो की ही फाइल आज होती, कालच्या चोरीला त्याचा शून्य उपयोग. म्हणजे तो 'शुभविवाह' गेलाच होता, पण पुढच्या कामांना लावायचं ठरवलं.

दोन महिन्यांनी सहज एक फाइल तपासली तर जुळेचना! नंतर आठवलं की एका वेलांटीतला ठिपका पुसून त्याच फाइलवर सेव्ह मारलं होतं. एक पिक्सेल बदलला तरी हॅश पूर्ण वेगळा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं परत उतरवून घेतलं तर तेही चालत नाही, तिथे फोटो दाबून बारीक होतो. नशीब, मूळ फाइल जुन्या पेन ड्राइव्हवर होती. आता शिक्का मारलेल्या फाइल्सच्या फोल्डरचं नावच 'हात लावू नये' आहे.

आणि शिक्का तारीख सांगतो, मालक कोण ते नाही. तसा कॉपीराइट १९५७ च्या कायद्याप्रमाणे काम तयार झालं की आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पण रजिस्टरमधली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात. म्हणून दोन डिझाइन्सचे अर्ज ऑनलाइन टाकले, कलाकृतीला ५०० रुपये, डायरी नंबर (अर्जाचा क्रमांक) मिळतो आणि मग हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. हॅश अगदीच वाया जात नाही बरं का, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं त्याच्या नमुन्यात हॅश लिहायला जागाच ठेवलीय.

त्या प्रिंटरकडे शेवटी मी स्वतःच गेले, वही घेऊन. 'शुभविवाह' अकरा वेळा गिरवलेलं पान, त्यातल्या नवव्याला तोच डाग. त्याने पान दोनदा उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, बरं ताई, पुढच्या लॉटला नाही वापरणार. पैसे नाही दिले. तेव्हापासून कच्ची पानंही स्कॅन करून शिक्का मारते.