शून्य टक्के

"मॅडम, झिरो आला जी!"

ग्रंथालयातली मे महिन्यातली दुपार. कूलरमधलं पाणी संपलेलं, त्यामुळे तो नुसती गरम हवा फेकत होता. समोर वडशाहून आलेली मुलगी पेढ्यांचा डबा उघडून उभी. पहाटेची एस.टी. पकडून नागभीड-उमरेड मार्गे नागपूर गाठलेलं. प्रबंध पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या दंडारीवर, तिथल्या लोकनाट्यावर. सकाळी मीच तो साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर चढवला होता. अहवाल आधी तिच्या सरांना गेला आणि सरांनी तिला फोन करून अभिनंदनही केलं होतं. जमा करायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. राहिली होती फक्त माझी सही.

मी पेढा घेतला, पण सही होईना. दोनशे पानांचा प्रबंध, पानापानावर अवतरणं, आणि साम्य शून्य? प्रामाणिक माणसालाही पाच-सहा टक्के येतातच. संदर्भसूचीच तेवढी जुळते.

तिची पीडीएफ उघडली, एक ओळ उचलली आणि नोटपॅडवर टाकली. 'झाडीपट्टी' गायब. तिथं इंग्रजी अक्षरं, डॉलरच्या खुणा, कंस. जिथं 'म' हवा तिथं अंडरस्कोर.

"टाइप कुठं केलं?"

"बर्डीवर, डीटीपीवाल्याकडं. काहून जी?"

श्रीलिपी. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत संगणक इंग्रजी अक्षरंच साठवत असतो. तिला तिच्याच भाषेत सांगितलं, "दंडारीत गडी लुगडं नेसून येतो ना, तसं. वरून बाई, आत बुवा." ती हसली. मग हसू थांबलं. सॉफ्टवेअरनं तिचं एक वाक्यही वाचलं नव्हतं. जे वाचलं ते जगात कुठंच नव्हतं, म्हणून शून्य.

पूर्वी आमचं काम सोपं होतं असं नाही, पण दिसायचं तरी. कार्डांचे लाकडी खण, त्यावर पितळी कड्या. आता खालची अभ्यासिका एमपीएससीवाल्यांनी भरलेली असते. पुस्तकं ते स्वतःची आणतात, आमचं फक्त वायफाय आणि कूलर वापरतात. २०२५पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे सुमारे तेरा हजार संशोधन नियतकालिकं उघडता येतात. दंडारीवर लिहिणाऱ्या मुलीला त्यातलं काय कामाचं, हे मला अजून सापडायचंय.

फाइल युनिकोडमध्ये बदलायला घेतली, म्हणजे अक्षरं आतूनही देवनागरी होतील. कन्व्हर्टरनं रफार भलत्याच अक्षरावर बसवले, 'राष्ट्र'चे तुकडे केले, 'ऱ्या' तर सगळीकडेच बिघडवला. जिथं अडेल तिथं ती छापील प्रत मोठ्यानं वाचायची, मी दुरुस्त करायची. दंडारीतले संवाद आले की तिचा आवाज आपोआप चढायचा. कूलरमध्ये पाणी टाकायला आलेले आमचे काका बादली तशीच धरून ऐकत उभे राहिले.

साडेपाचला नवा अहवाल आला. सत्तावीस टक्के.

ती एकदम खाली बसली. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत काही होत नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांत सुधारून पुन्हा द्यावं लागतं. पण ओळख देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे मोजायचं नसतं. ते वगळलं, तेरावर आलो. उरलेल्यातला सगळ्यात मोठा भाग एकाच ठिकाणी होता: दुसऱ्या प्रकरणातली सलग अकरा पानं, शोधगंगावरच्या, म्हणजे देशभरातले प्रबंध ठेवतात त्या साइटवरच्या, एका प्रबंधाशी शब्दन्शब्द जुळणारी.

"हे कुठून घेतलंस?"

"सरांनी नोट्स देल्या होत्या जी."

मी काही बोलले नाही. बोलायचं होतं ते तिच्याशी नव्हतं.

दोन पानं अवतरणचिन्हांत घेऊन मूळ प्रबंधाचं नाव दिलं, बाकीची काढायला लावली. तिनं स्वतःच्या आजोबांच्या दंडारीबद्दल तीन परिच्छेद लिहिले, तिथंच बसून. पूर्ण प्रबंधात मला सगळ्यात आवडले ते तेच. आठ टक्के आले. सही केली. ती निघाली तरी तिच्या चेहऱ्यावर तो शून्य गेल्याची हळहळ होतीच; पेढ्यांचा डबा मात्र टेबलावर ठेवून गेली.

मला काही सुचेना. इतकी वर्षं मराठी प्रबंधांना एक-दोन टक्के, शून्य टक्के आले की मीच कौतुकानं म्हणायचे, मराठीची पोरं चोरत नाहीत. जुने प्रबंध शोधगंगावर आहेत तेही कित्येकदा नुसत्या पानांचे फोटो. त्यातली अक्षरं सॉफ्टवेअरला दिसतच नाहीत. म्हणजे उचललेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये, आणि ज्यातून उचलला तो फोटोत. मध्ये माझी सही.

जुन्या अहवालांची फाइल काढली आणि मराठीतले शून्य वेगळे करायला बसले. सतरा झाले, तेव्हा काकांनी एकेक दिवा घालवायला सुरुवात केली.