तुम्ही विचारलंत म्हणून: असा पाय घेऊन गावात का राहते

कोणी ना कोणी विचारतंच, ताई तुम्ही पोलिओच्या पायाला कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा लोखंडी आधार, लावून चालता मग मुंबई सोडून राजापूर तालुक्यातल्या आडगावात कशाला राहता, तिथे धड रस्ता तरी आहे का? परवा परत एकीने विचारलं, अगदी मनापासून विचारलं, म्हणून जरा नीट सांगते.

रस्त्याचं म्हणाल तर खरंच नाही. एसटी फाट्यावर सोडते, तिथून घरापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, पावसात तिला शेवाळ धरलं की माझं बाहेर पडणं जवळपास बंदच. मोठा डॉक्टर पाहिजे तर रत्नागिरी गाठा. म्हणजे सोयीसाठी मी इथे नाही हे उघड आहे.

पोलिओ झाला तेव्हा आम्ही परळला चाळीत राहायचो, मी जेमतेम चालायला लागले होते. वडील गिरणीत. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि तो काही मिटला नाही, आमच्यासारखी कितीतरी बिऱ्हाडं तेव्हा गाडीत बसून कोकणात आली. तर मला गावात पायाने नाही आणलं, संपाने आणलं.

आल्या आल्या सगळ्यांनी विचारलं, काय झालं गो पोरीला? कोणी देवाला कौल लावा म्हणालं, कोणी कसलं तरी तेल सुचवलं, आणि मग विषय संपला. कायमचा संपला. लंगडी म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, ते लागायचं, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. लग्नाच्या वेळी आईला जे ऐकून घ्यावं लागलं ते तर लिहवतही नाही. पण पुढे नोकरीसाठी मुंबईत राहिले तिथे लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत रोज कोणीतरी नवीन माणूस आणि रोज तेच, जन्मापासून आहे का, ऑपरेशन नाही का होत? वाईट हेतूने नाही विचारत कोणी, पण सांगून सांगून जीव थकतो हो. गावाने एकदाच विचारलं. मला आसरा वाटतो तो एवढ्यासाठी.

आणि दुसरं म्हणजे इथली कितीतरी कामं खाली बसून होतात. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, निघाले की पडवीत ढीग पडायचा, मी कॅलिपर काढून, पाय लांब करून भिंतीला टेकायची, फळ फोडायचं, बिया वेगळ्या, सालं वेगळी, मग मीठ घातलेल्या रसात सालं बुडवून उन्हात टाकायची, वाळली की परत रसात परत उन्हात, आमसुलं काळीभोर होईपर्यंत हेच, आणि पावसाच्या आत आटपायचं. त्या कामात माझा हात सगळ्यात भरभर चालायचा. लावणीला मी चिखलात उतरू शकत नव्हते पण इथे माझ्यावाचून अडायचं, हे लहान मुलीला किती मोठं असतं!

लिहिणंही त्याच पडवीत सुरू झालं. मी कायम जागेवर असायची आणि अक्षर बरं होतं म्हणून वाडीतल्या बायका मुंबईच्या नवऱ्याला पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे यायच्या. बाय, येवढं लिव गो, म्हणून सुरू करायच्या. मनीऑर्डर आली नाही, गाय आटली, सासू बोलते, आणि मधेच गप्प व्हायच्या, आणि मग सांगायच्या ते पत्रात घालू नको म्हणायच्या. ते न घातलेलं माझ्याकडेच राहायचं. मी काही ठरवून लेखिका झाले नाही, ते साठलेलं कुठेतरी ठेवायला वही केली.

चाळिशीनंतर चांगला पायसुद्धा दमायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं पोस्ट पोलिओ सिंड्रोम, म्हणजे पोलिओतून वाचलेल्या मज्जापेशी इतकी वर्षं जास्तीचा भार ओढत राहतात आणि मग त्याच थकतात, तेव्हा आता ताकद जपून वापरा. दादरचा जिना चढण्यात ती घालवायची की लिहिण्यात, हे ठरवायला मला वेळ लागला नाही, मी गावात परत आले.

आणि लिहायची घाई आहे. भारतातली नैसर्गिक पोलिओ विषाणूची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची, आणि मार्च २०१४ मध्ये भारतासकट आपला दक्षिण-पूर्व आशियाचा भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. किती आनंदाची गोष्ट आहे ही! आता गावात असं पोर दिसणार नाही. पण मग श्रावणात कॅलिपरच्या चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी येते, त्या रात्री चुलीच्या वर टांगाव्या लागतात, गुडघ्याचं लॉक गंजू नये म्हणून त्याला खोबरेल तेल सोडायचं, हे आमच्यानंतर कोण सांगणार? म्हणून तालुक्यातल्या माझ्या वयाच्या पोलिओवाल्यांशी फोनवर बोलते आणि रोज थोडं थोडं लिहून काढते.

पाखाडीचंही मनावर घेतलंय. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यातून एका बाजूने लोखंडी कठडा मागितलाय. अर्ज मीच लिहिला, आणि सह्या करायला सगळ्यात आधी वाडीतल्या म्हाताऱ्या आल्या, गुडघे त्यांचेही दुखतात, त्यातल्या दोघींची पत्रं मी लिहायची.