मला तो पाऊस वाटला होता

कलारसास्वादाच्या वर्गात प्रत्येकाला एकेक छापचित्र घेऊन त्याचा अर्थ लावायचा होता. माझ्या वाट्याला बर्निनी आला, सतराव्या शतकातला रोमचा नावाजलेला शिल्पकार. म्हणजे कल्पना त्याची. तांब्याच्या पत्र्यावर कोरलं फ्रांस्वा स्पिएर या फ्रेंच कारागिरानं, रोममध्ये, १६७० च्या सुमारास. बाईंची अट एकच, चित्राखालचा मजकूर झाकायचा आणि दिसेल ते लिहायचं.

मी लिहिलं ते असं. क्रूस आभाळात तरंगतोय. खाली क्षितिजापर्यंत समुद्र, किनारा कुठेच नाही. वर हात पसरलेला देवपिता, भोवती देवदूत, ढगावर गुडघे टेकलेली ख्रिस्ताची आई मरिया. ख्रिस्ताच्या अंगावरून धारा कोसळताहेत. धारा, समुद्र, संतापलेला देव... दिलं ठोकून: जगबुडी. शेवटच्या न्यायाच्या दिवशीचा, म्हणजे जगाच्या अखेरीला देव सगळ्यांचा निवाडा करतो त्या दिवशीचा पाऊस.

बाई म्हणाल्या, "धारा कुठून निघतात ते जरा भिंगातून बघ." बघितलं. तळहातांतून, पावलांतून, कुशीतून. म्हणजे खालचा अख्खा समुद्र रक्ताचा! पण काळ्या-पांढऱ्या छापात लाल कुठून यायचा? लाटा, ढग, कातडी, सगळं स्पिएरनं जाड-बारीक होत जाणाऱ्या रेषांनीच कोरलेलं. माझी चूक अगदीच गाढवपणाची नव्हती, असं मी अजूनही म्हणेन.

मग मजकूर उघडला. वर बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्र' यातलं वचन (९:१४), ख्रिस्ताच्या रक्तानं आपली सदसद्विवेकबुद्धी शुद्ध होईल अशा अर्थाचं. त्याखाली फ्लोरेन्सच्या मारिया माद्दालेना दे पात्सी या जोगिणीचे शब्द. चर्चनं त्यांना १६६९ मध्येच संत म्हणून जाहीर केलं होतं. त्या हे रक्त पित्याला अर्पण करतात, आणि माझ्यात काही उणं असेल तर मरियेच्या हाती देते, तिनं ते पुढे न्यावं, असं म्हणतात. शब्द कळले, पण मरियेचं तिथलं काम काही डोक्यात शिरेना.

शेवटी वसईला मैत्रिणीच्या आईला फोनवर चित्र पाठवलं. मावशींनी अर्ध्या मिनिटात सोडवलं. "अगं, जपमाळेत आम्ही रोज मरियेला काय म्हणतो? आता आणि आमच्या मरणाच्या वेळी आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. तेच करतेय ती."

मी इतका वेळ तिला रडणारी आई समजत होते. ती तर वकील निघाली! मग न्यायनिवाडा दिसायला लागला. तराजू नाही, नरक नाही, कबरीतून उठणारी माणसं नाहीत, तरी कोर्ट भरलेलं आहे. आरोपी तेवढा चित्रात नाही. तो चित्रासमोर उभा आहे. आणि पहिला आरोपी खुद्द बर्निनी. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला. याच कल्पनेचं रंगवलेलं चित्रही त्याच्याकडे होतं, आणि १६८० च्या अखेरच्या आजारात ते त्यानं बिछान्यासमोर ठेवलं होतं. उजवा हात लुळा पडलेला. आपल्याला ज्या धन्यापुढे हिशेब द्यायचाय तो दमड्या मोजत बसणारा नाही, असं तो म्हणे, हे चरित्रकारांनी लिहून ठेवलंय.

ते वाचल्यावर देवपित्याचे हात पुन्हा बघितले. मरिया देतेय ते घ्यायला पसरलेले. वहीतलं 'संतापलेला' खोडलं. 'पाऊस' मात्र तसाच राहू दिला, बाईंनी त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल केला होता.