मांडवाखालून फोटो जाईना

नाशिकात कॉलेज रोडला बसून कोड लिहिणं सोपंय हो. मामाच्या ओळखीतल्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसला, म्हणजे माल निवडून पॅक करतात तिथे, छोटा वेब फॉर्म हवा होता, मुकादम बागेत घडाचा फोटो काढणार, प्लॉट नंबर टाकणार, सबमिट, आणि ऑफिसात बसल्या जागी कळणार की फुगवण कशीय, भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आलीय का, मण्यांना तडे गेलेत का. एचटीएमएलची एकच ओळ, इनपुट टाइप फाइल, ॲक्सेप्टमध्ये इमेज, कॅप्चरमध्ये एन्व्हायरनमेंट, म्हणजे बटण दाबलं की डायरेक्ट मागचा कॅमेरा. यूझर लिहिलं तर पुढचा, सेल्फीवाला. ॲपबिपची भानगडच नाही. म्हटलं अर्ध्या दिवसाचं काम.

मग मोहाडीला बागेत गेलो.

पहिल्याच फोटोला ४१३, म्हणजे फाइल फार मोठी अशी एरर. चूक माझीच, सर्व्हरवरचं एनजिनएक्स, सेटिंग बदललं नाही तर, १ एमबीच्या वरचं घेत नाही, त्यामागच्या पीएचपीची प्रत्येक फाइलला २ एमबीची लिमिट, आणि मी टेस्टिंग सगळं लॅपटॉपवर केलेलं, तिथे ब्राउझर कॅप्चरकडे ढुंकूनही बघत नाही, नुसती फाइल निवडायची खिडकी उघडतो, त्यात मी व्हॉट्सॲपवरून आलेले चेपलेले फोटो टाकत होतो. मुकादमाच्या फोनचा एकेक फोटो ५ एमबीचा.

बांधावर बसून, हॉटस्पॉट लावून लिमिट वाढवली. एरर गेली पण आता नुसतं गोल गोल फिरतंय, टॉवरची एकच काडी, मुकादमाने वैतागून चारदा सबमिट दाबलं आणि ऑफिसात तोच घड तीनदा पोचला. वर त्याच्या फोनला रॅम कमी, कॅमेरा उघडला की मागे ब्राउझरच मरतो, परत यावं तर पान नव्याने लोड होतं आणि प्लॉट नंबर गायब.

तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, फोटू तर म्या सकाळीच काढून ठेवलेत, हे सारखं कॅमेराच का उघडतंय?"

च्यायला. खरंच की. कॅप्चर टाकलं की गॅलरीतून निवडताच येत नाही, आणि रेंज असते घराजवळ, फोटो निघतो बागेत. काढून टाकलं ते कॅप्चर, आता फोन स्वतःच विचारतो कॅमेरा की गॅलरी.

बाकीचं रात्री मामाच्या ओट्यावर बसून केलं. फोटो पाठवायच्या आधी ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्राच्या कोऱ्या चौकटीत, लहान करून उतरवायचा, लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपेग क्वालिटी ०.७, ५ एमबीचा साडेतीनशे केबी. आधी १०२४ करून बघितलं होतं पण भुरीचा पांढुरका थर पुसट व्हायचा, मग फोटो कशाला मागवायचा. प्लॉट नंबर लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे फोनच्या ब्राउझरमध्येच साठवलेला, सबमिट एकदा दाबलं की बटण बंद. एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली, कॅनव्हासमधून गेलेल्या फोटोतली एक्झिफ, म्हणजे फाइलच्या आत लपलेली, माहिती सगळी उडते, कधी काढला तेही, आणि गॅलरीतले फोटो म्हटल्यावर ऑफिसला तारीख तर हवीच, त्यामुळे ती आधीच वाचून वेगळ्या रकान्यात पाठवतो.

मामी दोनदा जेवायला हाक मारून गेली, तिसऱ्यांदा ताट तिथेच आणून ठेवलं.

आता चालतंय. काल पॅकहाऊसमधून फोन, प्लॉट ७ च्या नावावर बैलाचा फोटो आलाय. गॅलरी उघडी ठेवल्यावर हे होणारच होतं. फोटो बाकी मस्त होता, शिंगांना नवा रंग.