झोपलीय की गेलीय

दुपारी दीडची वेळ, बाहेर 43 डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि मी खिडकीतल्या बरणीकडं बघत बसलोय. बरणीत एक गोगलगाय आहे. आहे म्हणजे, तिचा शंख तरी आहे.

मागच्या ऑगस्टात सोलापूरच्या लक्ष्मी मंडईतून पालकाची जुडी आणली त्यातून ही बया घरात आली. बोराएवढी. मी बाहेर टाकायला निघालो तर लेक आडवी पडली, पाळायचीच म्हणून. कुत्रं नको, मांजर नको, आईला केसांचा त्रास, सशाला दोन मुलं मागं लागून ओरडली तरी हार्ट अटॅक येईल, मग म्हणलं ही बरी, ना भुंकणार ना पळून जाणार. (पळून जाते. दोनदा फ्रीजमागं सापडली.)

लोणच्याची रिकामी बरणी घेतली तर आई म्हणली, "तीनदा धू रे, मीठ राहिलं असलं तर मरंल ती." दाभण तापवून झाकणाला भोकं पाडली, खाली कुंडीतली माती टाकली, वर रोज पाण्याचा फवारा. आता नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या गावात गोगलगायीसाठी फवारा मारायचा म्हणजे चैनच की. पण ती जास्त पीतही नाही, ओलसर राहिलं की झालं.

खाणं सोपं होतं, काकडी, कोबी, पालक. गाजर दिलं की दुसऱ्या दिवशी काचेवर केशरी शेवया, काकडीला हिरवट, जे खाल्लं त्याचा रंग जसाच्या तसा, काही लपवाछपवी नाही. पंचाईत झाली कॅल्शियमची. शंख धड राहायचा तर तिला चुनखडीसारखं काहीतरी खरवडायला लागतंय आणि सगळ्यात सोपं म्हणजे अंड्याची टरफलं, आणि आमच्या घरात अंडं येत नाही! मग रात्री चौकातल्या ऑम्लेटच्या गाडीवर गेलो. म्हणलं, "टरफलं मिळतील का?"
"गुलाबाला का?"
"नाय. गोगलगायीला."
तो तव्यावरनं मान वर करून दोन सेकंद बघत राहिला, मग पिशवी भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मला बघितलं की लांबूनच विचारतो, "गाय कशी आहे?"

टरफलं उन्हात वाळवून, कुटून बरणीत टाकायची. रात्री सगळं निजल्यावर बरणीला कान लावला की बारीक खर्र खर्र ऐकू यायचं. तिच्या जिभेवर हजारो दात असतात म्हणे, कानशीसारखे. वरच्या दोन शिंगांच्या टोकाला डोळे, बोट जवळ नेलं की मोज्याचं टोक उलटं ओढावं तसे आत घ्यायची. लेक अर्धा अर्धा तास बघायची. मीही. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतो आपण साळसूद माणसाला, पण काचेवर चढताना खालून बघा एकदा, पोट हाच पाय, त्यात लबाडी काय आहे.

लहानपणी आम्ही अशोक चौकाकडं भाड्यानं राहायचो. दिवसभर मागांची खटकखटक, समोर तेलुगू बोलणारी अक्का, घरमालकीण कन्नड आजी. पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीवर ह्या यायच्या. अक्का म्हणायची नत्त. आम्ही शाळेतनं रमतगमत आलो की म्हणायची, नत्तनडक, गोगलगायीची चाल. आजी म्हणायच्या बसवनहुळू. बसवण्णाचा म्हणजे नंदीचा किडा. आमच्याकडं गाय, त्यांच्याकडं बैल, भिंत एकच. शिंगं बघून दोघांनाही गुरं आठवली, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

तर एकदा आम्ही तिघा पोरांनी तिथल्या एका गोगलगायीवर खडेमीठ टाकलं. कुणीतरी सांगितलं होतं मजा येते म्हणून. फेस आला, ती वळवळली, आणि मजा काय आली नाही. आजी बाहेर आल्या. त्या दिवशी पाणी आलेलं नव्हतं, आई आणि त्या मिळून लांबच्या हापशावरनं घागरी आणलेल्या. आजींनी आख्खा तांब्या तिच्यावर ओतला, आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. ती वाचली का माहीत नाही. ओतून खाली वाहून जाणारं पाणी मात्र आठवतंय.

हे मी बार्शीकडच्या मित्राला सांगितलं तर तो हसला. "काय बे, पाळतोस? आमच्याकडं सोयाबीन फस्त केलंय तिनं, रात्री टॉर्च घेऊन पोत्यानं गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकतोय आम्ही." त्याची ती मोठी आफ्रिकन जात. 1847 मध्ये एका इंग्रजानं मॉरिशसहून कलकत्त्याला आणून बागेत सोडली, तिथनं हे सगळं लांबलं. त्याचं पीक गेलं, तो मीठच टाकणार. मी बरणीचा फोटो पाठवायचं रद्द केलं.

फेब्रुवारीत आम्ही लग्नाला पुण्याला गेलो, आठ दिवस. फवारा मारायला कुणाला सांगायचं राहूनच गेलं. आलो तर माती कोरडी ठणठणीत आणि ही झाकणाला चिकटून, तोंडावर कागदासारखा पांढरा पडदा लावून आत बसलेली. कोरडं पडलं की करतात असं, स्वतःच्याच चिकट रसानं दार लावून घेतात आणि महिनोन्महिने थांबतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तर इजिप्तची एक गोगलगाय 1846 साली मेलेली समजून पुठ्ठ्याला डिंकानं चिकटवली होती, चार वर्षांनी कुणाला तरी पुठ्ठ्यावर चिकट डाग दिसला, कोमट पाण्यात ठेवली तर बाहेर आली! पुढं कोबी खाऊन जगलीसुद्धा.

हे मीच लेकीला सांगितलं, फुशारकीनं. आता ती रोज विचारते, "पप्पा, आपण कधी ठेवायची कोमट पाण्यात?" मी म्हणतो पाऊस येऊ दे, तिचं तिला कळतं. आई काही बोलत नाही, बरणी उचलून सावलीत सरकवते फक्त. शंख हलका लागतोय. हलका म्हणजे किती, आधी कधी वजन केलं होतं का आपण.

दोनदा पातेलं ठेवलंय मी गॅसवर. दोन्ही वेळा पाणी कोमटच्या पुढं गेलं. मग चहा टाकला.