आमची वाटचाल : सुट्या खंडापासून पूर्ण संचापर्यंत

आमची पेढी गिरगावात आहे. इतिहास आणि समाज या विषयांवरची, आता बाजारात न मिळणारी मराठी व इंग्रजी पुस्तके शोधणे, प्रत्येक प्रतीची नीट तपासणी करणे, विस्कटलेले संच जुळवणे आणि ज्यांना त्यांवर काम करायचे आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचवणे हा आमचा व्यवसाय. कादंबऱ्या, पाठ्यपुस्तके किंवा नवी प्रकाशने आम्ही ठेवत नाही. हे क्षेत्र अरुंद आहे असे अनेक हितचिंतकांनी सुरुवातीपासून सांगितले; परंतु या अरुंद वाटेवरच आम्हांला काम सापडले आणि अजूनही ते संपलेले नाही.

१९९४ साली मी ग्रंथालयातील नोकरी सोडली आणि धाकट्या भावाबरोबर हा उद्योग सुरू केला. भाऊ हिशेब आणि खरेदी पाहणार, मी पुस्तके पाहणार, अशी वाटणी तेव्हाच ठरली आणि ती आजही तशीच आहे. त्या काळी फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर पुस्तकांच्या रांगाच्या रांगा असत, रद्दीच्या दुकानांत जुने मासिकांचे गठ्ठे उतरत आणि गिरगाव, दादर, परळ या भागांतील अनेक मराठी कुटुंबे डोंबिवली, ठाणे, विरारकडे निघालेली होती. दोन खोल्यांचे घर आवरताना सर्वांत आधी माळा रिकामा होतो आणि माळ्यावर असतात ती आजोबांची पुस्तके. ती रद्दीत किलोवर जात. आम्ही त्याच रद्दीवाल्यांकडे जाऊन बसू लागलो. भंगाराच्या भावापेक्षा चार पैसे अधिक मिळतात हे लक्षात आल्यावर जाड पुठ्ठ्याची आणि कापडी बांधणीची पुस्तके ते आमच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागले.

पहिल्या दोन-तीन वर्षांत एक गोष्ट सतत समोर येत होती. आमच्या कपाटांत पुस्तके भरपूर जमली होती, पण पूर्ण असे फार थोडे होते. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड आहेत. पहिला १८९८ साली निघाला आणि पुढचे अनेक वर्षांच्या अवधीत, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या छापखान्यांतून बाहेर पडले. साहजिकच त्यांचा आकार, कागद आणि बांधणी एकसारखी नाही. एकाच माणसाने सर्व खंड निघतील तसतसे घेतले असतील तरच संच एकत्र राहिला. एरवी कोणाकडे तिसरा आणि आठवा, कोणाकडे केवळ पहिला. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसाई यांनी बडोदे संस्थानातील नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर सिद्ध केले आणि १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत ते सरकारी छापखान्यातून प्रसिद्ध झाले. हे खंड सुटे विकले जात. परिणामी पानिपतासंबंधीचे खंड लोकांनी हौसेने घेतले आणि वाचून झिजवले, तर रुक्ष वाटणाऱ्या खंडांना हातही लागला नाही. आज संच जुळवताना नेमके हेच उलटे पडते, कारण जे खंड कोणी घेतलेच नाहीत ते कोणाच्या घरातून निघणार तरी कसे?

इतिहासाच्या अभ्यासकाला सुट्या खंडाचा उपयोग मर्यादित असतो. एखाद्या सरदाराचे पत्र एका खंडात, त्याचे उत्तर दुसऱ्यात आणि त्याच प्रसंगाचा हिशेब तिसऱ्यात, अशी या साधनग्रंथांची रचना आहे. म्हणून आम्ही ठरवले की मिळेल तो खंड मिळेल त्या किमतीला विकून मोकळे व्हायचे नाही. प्रत्येक मालेसाठी एक वही घातली. डाव्या पानावर खंडांची यादी, उजव्या पानावर हाती आलेल्या प्रतीची स्थिती, आवृत्ती आणि खरेदी किंमत. भावाला हा निर्णय सुरुवातीला जड गेला, आणि त्याची काळजी रास्त होती, कारण जागेचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते आणि अपुरा संच कपाटात वर्षानुवर्षे भांडवल अडवून बसतो. तोल साधण्यासाठी एकेकट्या ग्रंथांची विक्री चालू ठेवली आणि मालांचे खंड मात्र राखून ठेवले. या व्यवसायाला जे काही नाव मिळाले ते त्या वह्यांमुळे मिळाले, असे माझे मत आहे.

ज्ञानकोशाचा आमचा पहिला पूर्ण संच ठाकुरद्वारच्या एका चाळीतून आला. डॉ. श्री. व्यं. केतकर यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड आहेत आणि त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड. हे पाच खंड अनेक घरांतून गहाळ झालेले असतात, कारण अकारविल्हे, म्हणजे वर्णक्रमाने, माहिती पाहण्यासाठी त्यांची गरज लागत नाही. केतकरांचा समाजशास्त्रीय विचार मात्र त्यांतच विस्ताराने आला आहे. चाळ पुनर्विकासाला गेली होती आणि घरातल्या आजींना तात्पुरत्या लहान जागेत जायचे होते. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक होते आणि वर्गणी भरून घेतलेले हे खंड त्यांच्या वडिलांनी जपले होते. आजींनी प्रत्येक खंड पदराने पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “पैशाचं तुम्ही म्हणाल तसं करू, पण बाई, एकेक करून विकू नका हो.” तो संच आम्ही एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला एकत्रच दिला आणि आजींना तसे पत्राने कळवले. तेव्हापासून विकणाऱ्या कुटुंबाची तशी इच्छा असेल तर ती खरेदीच्या पावतीवर लिहून घेण्याची पद्धत आम्ही पाडली आहे.

पुस्तक हाती आल्यावर पहिले काम म्हणजे ते पूर्ण आहे की नाही हे पाहणे. पानांचे आकडे सलग असले म्हणजे पुस्तक पूर्ण आहे असे नाही. चित्रपृष्ठांना आणि घडीच्या नकाशांना बहुधा पृष्ठांक नसतो. त्यामुळे आरंभी दिलेली चित्रांची यादी घेऊन एकेक चित्र मोजावे लागते, फर्म्यांचे, म्हणजे छापील ताव दुमडून होणाऱ्या पानांच्या जुड्यांचे, क्रमांक पाहावे लागतात, शुद्धिपत्र चिकटवलेले असेल तर ते आहे का हे पाहावे लागते. जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा केवळ शक असतो. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढता येतो, पण वर्षारंभ चैत्रात असल्यामुळे पौषानंतर छापलेल्या पुस्तकाचा सन एकाने पुढे जाऊ शकतो, म्हणून सूचीत आम्ही दोन्ही देतो. आवृत्तीचा प्रश्न याहून नाजूक आहे. सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चे भाग मध्य विभाग, उत्तर विभाग अशा नावांनी निघाले, पुढे त्यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्या आणि नंतरच्या पुनर्मुद्रणात विभागणी बदलली. वेगवेगळ्या आवृत्त्यांचे भाग शेजारी लावून त्याला संच म्हणणे आम्हांला मान्य नाही. काही गिऱ्हाइकांना हा हट्ट वाटतो. परंतु तळटीप देणाऱ्या अभ्यासकाला पृष्ठांक चुकला तर चालत नाही.

नकाशांच्या बाबतीत आम्ही अधिक कठोर आहोत. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर घ्या. त्यातील पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड १८८५ साली तीन भागांत निघाला. शेती, व्यापार, जाती, देवस्थाने, गावांची माहिती असे सारे त्यात आहे आणि ते वाचताना जिल्ह्याचा नकाशा समोर लागतो. जुने नकाशे आणि कोरीव चित्रे चौकटीत बसवून भिंतीवर लावण्याची हौस वाढल्यापासून अशी पुस्तके पात्याने कापली जातात, कारण सुटा नकाशा पुस्तकापेक्षा लवकर विकला जातो. आमच्याकडून पूर्ण प्रत घेऊन एका व्यापाऱ्याने तिच्यातील चित्रे वेगळी विकल्याचे आम्हांला नंतर समजले. आम्ही त्याच्याशी व्यवहार थांबवला. पुस्तक कापून विकणे हा माझ्या दृष्टीने साधनाचा नाश आहे आणि या मुद्द्यावर आम्ही कधी तडजोड करणार नाही.

मुंबईच्या हवेत जुना कागद टिकवणे ही वेगळी तपश्चर्या आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा चिंध्यांपासून केलेला कागद अजून लवचीक असतो. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो आणि पान उलटताना कोपरा हातात येतो. म्हणूनच १९२०-३० च्या दशकांतील पुस्तकांची अवस्था कधी कधी १८६३ सालच्या, गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकाच्या प्रतीपेक्षा वाईट असते. पावसाळ्यात दमटपणा वाढला की बुरशी येते, पाठोपाठ कसर आणि वाळवी. पुस्तके भिंतीला टेकवायची नाहीत, खालचा कप्पा रिकामा ठेवायचा, हवा खेळती राहील एवढे अंतर सोडायचे, हे नियम आम्ही जून ते सप्टेंबर काटेकोर पाळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कलिन्यातील एका प्राध्यापकांच्या तळमजल्यावरील घरात पाणी शिरले आणि त्यांनी आम्हांला बोलावले. चिंब भिजलेली पुस्तके उन्हात टाकली असती तर पाने वाकडी झाली असती आणि गुळगुळीत कागदावरील चित्रपृष्ठे एकमेकांना कायमची चिकटली असती. ओळखीच्या आइस्क्रीम विक्रेत्याच्या फ्रीजरमध्ये गठ्ठे गोठवून ठेवले, त्यामुळे बुरशी थांबली आणि एकेक पुस्तक बाहेर काढून, पानांमध्ये टीपकागद घालून, पंख्याखाली सुकवायला उसंत मिळाली. निम्म्याहून अधिक पुस्तके बचावली.

बांधणीचे काम आमचे चाचा करतात. भेंडीबाजारात त्यांच्या वडिलांचाही हाच उद्योग होता. जुजबंदी म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवून केलेली बांधणी. ती आता फार थोड्यांना येते. चाचा आधी जुना सरस ओल्या फडक्याने मऊ करतात, मग हाडाच्या पट्टीने तो खरवडतात, फाटलेल्या पानाला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने जोड देतात आणि मूळ मुखपृष्ठ शक्य असेल तर नव्या बांधणीतही आत घेतात. चिकटपट्टी लावलेले पुस्तक समोर आले की ते हातातले काम ठेवून आधी त्या घरच्यांची चौकशी करतात आणि पुन्हा पट्टी लावू नका असे निरोप धाडतात. कडा कापून पुस्तक एकसारखे करण्याची बाजारातली रीत त्यांनी आमच्या पुस्तकांना कधी लावली नाही, कारण समासातल्या जुन्या टिपा त्यात जातात.

खरेदीचे काही नियम आम्ही स्वतःला घालून घेतले आहेत. ज्या पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का आहे पण ‘निर्लेखित’, म्हणजे संग्रहातून रीतसर काढून टाकलेले, असा शेरा नाही, ते आम्ही घेत नाही. शक्य असेल तर त्या ग्रंथालयाला कळवतो. माळ्यावरच्या पुस्तकांबरोबर मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निघतात. पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनी आणि ऐतिहासिक मोल असलेली हस्तलिखिते व दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, त्यामुळे त्यांचा व्यापार आम्ही करत नाही. असे कागद घेऊन येणाऱ्यांना आम्ही एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागाराकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे जायला सांगतो आणि लागल्यास बरोबर जातो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या कपाटांचा भार इतिहासाकडून समाजाकडे सरकला. महात्मा फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ चे, त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ चे, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ १९३३ चे; या ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्यांना मागणी आहेच, परंतु अभ्यासक आता त्यांच्या भोवतीचे साहित्य मागतात. परिषदांचे अहवाल, ज्ञातिसंस्थांची मासिके, सत्यशोधक चळवळीतील पत्रके, कुलवृत्तांत, कामगार सभांची घटनापत्रके. हे सारे पातळ, कागदी वेष्टनातले, म्हणून सर्वांत आधी रद्दीत जाणारे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले आणि जवळजवळ विस्मरणात गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले म्हणून आज ते शिकवले जाते. लहानशा पुस्तिकेची एखादी प्रत कुठेतरी टिकली म्हणून हे घडू शकले. म्हणून वीस पानांचे पत्रकही आम्ही फेकत नाही. त्याची नोंद होते, ते पाकिटात जाते आणि कोणत्या घरातून, कोणत्या पुस्तकांबरोबर आले हेही लिहिले जाते, कारण पत्रक कोणाच्या वाचनात होते ही माहितीसुद्धा समाजाच्या इतिहासाचाच भाग आहे.

महाजालावर जुनी पुस्तके चित्ररूपाने मिळू लागली तेव्हा आमचा व्यवसाय बसणार असे सर्वांना वाटले. सुट्या ग्रंथांची विक्री खरोखरच घटली आणि याचे मला वाईट वाटत नाही. लातूरच्या विद्यार्थ्याला ज्ञानकोश घरबसल्या वाचता येतो ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पडद्यावरच्या प्रतींत घडीचे नकाशे घडी न उलगडताच टिपलेले असतात, पाने गळलेली असतात, एका खंडाच्या नावाखाली दुसराच खंड असतो. त्यामुळे पूर्ण, तपासलेल्या संचाची मागणी कायम राहिली. परदेशातील विद्यापीठे, जिल्ह्यांतील महाविद्यालये आणि निवृत्तीनंतर मनाजोगे काम करू पाहणारे वाचक हे आमचे आजचे ग्राहक. संशोधक विद्यार्थ्यांना आम्ही हप्त्यांनी पैसे द्यायची सवलत देतो आणि संच त्यांच्यासाठी बांधून ठेवतो.

भावाची मुलगी आता पेढीत बसते. वह्यांतील नोंदी तिने संगणकावर घेतल्या आहेत; त्यामुळे कोणत्या मालेत कोणता खंड उणा आहे हे क्षणात कळते. पेशवे दप्तराचे दोन संच सध्या पूर्णत्वाच्या जवळ आहेत, राजवाड्यांच्या साधनांचा एक आहे आणि एन्थोव्हेन यांच्या मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरच्या तीन खंडांपैकी मधला आम्ही शोधत आहोत. घर आवरताना यांपैकी एखादा खंड कोणाला सापडला, तो कितीही जीर्ण असला, मुखपृष्ठ गेले असले किंवा एकटाच असला, तरी आम्हांला कळवावे. पाहायला आम्ही स्वतः येतो.